डिप्रेशनची गोळी चालू असताना काढा, चूर्ण किंवा हर्बल कॅप्सूल घ्यायच्या आधी काय तपासायचं

"डिप्रेशनची गोळी चालू आहे, सोबत अश्वगंधा चालेल ना?" हा प्रश्न मला काउंटरवर सारखा येतो, आणि विचारणारे तरी बरे, बहुतेक लोक विचारतच नाहीत, सकाळी डॉक्टरांची गोळी आणि रात्री घरचं चूर्ण असं सरळ चालू ठेवतात. मी इंदूरला मेडिकल स्टोअरवर फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमची गोळी बदला नाहीतर बंद करा असं मी कुठेच म्हणणार नाहीये. कोणत्या जडीबुटीने काय होऊ शकतं, घरात नेमकं काय बघायचं आणि डॉक्टरांना ते कसं सांगायचं, एवढंच लिहितेय. आयुर्वेदाशी माझं काही वाकडं नाही, आमच्या घरी पण सितोपलादी आणि ज्येष्ठमध कायम असतं. पण होतं काय, की मानसोपचाराच्या डॉक्टरांना चूर्णाचं माहीत नसतं, वैद्यांना गोळीचं माहीत नसतं, आणि कित्येक घरांत तर सासूबाईंना सुनेची गोळीच माहीत नसते, मग त्यांनी प्रेमाने काढा करून पुढे केला की नको म्हणायला कारण सांगता येत नाही आणि ती बिचारी पिऊन टाकते. बहुतेक गडबडी इथून सुरू होतात.

लोक दुसरं काही घ्यायला का लागतात तेही समजून घ्या, म्हणजे आपण कुठे घसरतो ते कळेल. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटीन, पॅरोक्सेटीन ह्या गोळ्यांचा गुण पहिल्या दिवशी येत नाही, साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कोणाला त्याहून जास्त, पण मळमळ, तोंड कोरडं पडणं, झोप उडणं नाहीतर जास्त येणं हे सगळं पहिल्याच आठवड्यात सुरू होतं. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. ह्या मधल्या दिवसांत माणूस घाबरतो आणि जो कोणी जे सांगेल ते घेतो. अमिट्रिप्टिलिनने पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण आलं, झोपेसाठी जटामांसी आली, आणि पुरुषांच्या बाबतीत आणखी एक आहे जे कोणी बोलत नाही, ह्या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होते, मग गुपचूप कुठली तरी पावरची कॅप्सूल येते.

पहिलं काम, सगळं एका पिशवीत भरा

घरात जे जे तोंडावाटे घेतलं जातं ते सगळं एका पिशवीत घाला. कपाटातलं, देवघराच्या फळीवरचं, उशाखालचं, ऑफिसच्या बॅगेतलं. गोळ्या, चूर्ण, आसव-अरिष्ट, होमिओपॅथीच्या बाटल्या, जिमवाल्याने दिलेला डबा, ऑनलाइन मागवलेलं, सगळंच. यादी आठवून लिहू नका, कारण आठवताना आपण "औषध" आठवतो आणि नेमकं जे घातक आहे त्याला आपण औषध म्हणतच नाही. आणि प्रत्येक डब्याची मागची बाजू वाचा, पुढे "मूड", "स्ट्रेस", "मेमरी", "शक्ती" असं काहीही असतं, खरं नाव मागे बारीक अक्षरात असतं, आणि बहुतेक वेळा लॅटिनमध्ये. विथानिया सोम्निफेरा म्हणजे अश्वगंधा, बाकोपा मोनिएरी म्हणजे ब्राह्मी, म्युकुना प्रुरिएन्स म्हणजे कौंच बीज, आपली खाजकुयली, राउवोल्फिया सर्पेंटिना म्हणजे सर्पगंधा, ग्लिसरायझा ग्लाब्रा म्हणजे ज्येष्ठमध. वाचता आलं नाही तर फोटो काढून मोठं करून बघा.

रामबागेकडच्या एक काकू मध्ये अशी पिशवी घेऊन आल्या होत्या, मीच सांगितलं होतं त्यांना. काउंटरवर एकेक वस्तू काढून ठेवली. एस्सिटालोप्राम १० ची स्ट्रिप, सारस्वतारिष्टाची अर्धी बाटली, भजनाला आवाज चांगला राहावा म्हणून ज्येष्ठमधाची पूड, सियागंज बाजारातून आणलेली कागदी पुडी जिच्यावर एक अक्षर नव्हतं, आणि पुण्याच्या भाचीने ऑनलाइन पाठवलेली "मूड"ची हिरवी डबी. "ही तर अजून फोडली पण नाहीये गं, सोमवारपासून सुरू करणार आहे," म्हणाल्या. मी मागचा मजकूर वाचला, हायपेरिकम परफोरेटम, ३०० मिलिग्रॅम. ती डबी तिथेच बाजूला ठेवायला लावली. आता ह्या पिशवीतल्याच वस्तू घेऊन सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत थोड्याफार फरकाने हेच निघतं.

ज्याला अजिबात हात लावायचा नाही ते

हायपेरिकम, ज्याला सेंट जॉन्स वर्ट म्हणतात, ही पिवळ्या फुलांची वनस्पती आहे आणि युरोपात सौम्य डिप्रेशनसाठी खूप वापरतात. म्हणजे ती नुसती नावाला नाही, तिचा मेंदूवर खरंच परिणाम होतो, आणि म्हणूनच ती आपल्या गोळीवर चढवायची नाही. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन मेंदूतल्या पेशींना सेरोटोनिन, म्हणजे मूडशी संबंधित असलेलं मेंदूतलं रसायन, परत ओढून घेऊ देत नाही, हायपेरिकमही तेच करतं, दोन्ही एकदम घेतलं तर सेरोटोनिन गरजेपेक्षा फार वाढू शकतं, त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो. त्याची लक्षणं खाली सविस्तर लिहिली आहेत.

दुसरा उपद्रव ह्याहून छुपा आहे. हायपेरिकम लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे दुसऱ्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात आणि लागू पडत नाहीत. सन २००० मध्ये ह्यावर दोन गोष्टी बाहेर आल्या. अमेरिकेत निरोगी लोकांवर केलेल्या चाचणीत इंडिनाविर ह्या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण हायपेरिकममुळे सरासरी ५७ टक्क्यांनी घसरलं, आणि झुरिकमध्ये हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केली, कारण ते नाकारलं जाऊ नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन ह्याच वनस्पतीमुळे कमी पडत होतं. आपल्याकडे रोजच्या वापरात बघायचं तर गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करायची वॉरफेरिन, आणि अमिट्रिप्टिलिन ह्यांचा असर कमी होतो. ज्या मुली गर्भनिरोधक गोळी घेतात त्यांनी हे लक्षात ठेवाच. हायपेरिकम बंद केल्यावरही हा परिणाम लगेच जात नाही, साधारण दोन आठवडे धरून चाला. उलट बाजूने फ्लुऑक्सेटीन पण शरीरात पाच आठवड्यांपर्यंत रेंगाळते, तेव्हा "आज गोळी सोडली, उद्या हर्बल सुरू केलं" असं होत नाही, मधलं अंतर डॉक्टरच ठरवतील.

होमिओपॅथीत पण हायपेरिकम देतात, नसेच्या दुखापतीला. ३० किंवा २०० पोटेन्सीत मूळ वनस्पती जवळजवळ उरतच नाही, पण मदर टिंक्चर, ज्यावर क्यू लिहिलेलं असतं, त्यात खरा अर्क असतो. ती बाटली पिशवीत आलीच पाहिजे. ह्याच रांगेत ५-एचटीपी, ट्रिप्टोफॅन आणि सॅम-ई नावाची सप्लिमेंट्स पण बसतात, झोपेसाठी नाहीतर मूडसाठी म्हणून विकली जातात, सेरोटोनिनचाच खेळ आहे. आणि हर्बल नसलं तरी सांगून ठेवते, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं कोरड्या खोकल्याचं सिरप आणि ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी, ह्या दोन गोष्टी मेडिकलवरून परस्पर घेऊ नका, गोळी चालू आहे ते आधी सांगा.

सर्पगंधाही नको. हिचा इतिहास आपल्याच देशातला आहे, १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी तिच्यावर लिहिलं, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी ब्लड प्रेशरवर तिचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. मोठं औषध आहे, पण रेसरपिन मेंदूतला सेरोटोनिन, डोपामिनचा साठाच रिकामा करतं, म्हणून डिप्रेशन असलेल्याला ते द्यायचं नाही असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. झोपेच्या आणि बीपीच्या बऱ्याच आयुर्वेदिक गोळ्यांत सर्पगंधा असते. झोप लागत नाही म्हणून ती घेतली आणि मन आणखी बुडालं, असं होऊ शकतं.

विचारल्याशिवाय नको ते

अश्वगंधा आपल्या माळव्यातलीच, नीमच-मंदसौरकडे तिची शेती होते, त्यामुळे इथे ती सगळ्यांना घरचीच वाटते. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन किंवा क्लोनाझेपाम अशा गुंगी आणणाऱ्या गोळ्यांसोबत घेतली तर सुस्ती वाढते, गाडी चालवणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये. पण मला जास्त काळजी वाटते ती थायरॉइडची. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, आणि डिप्रेशनच्या गोळीसोबत थायरॉक्सिन घेणाऱ्या बायका खूप आहेत, मग छातीत धडधड, हात कापणं, घाम, घाबरल्यासारखं होतं आणि सगळ्यांना वाटतं आजार वाढला, गोळीचा डोस वाढवा. शिवाय अश्वगंधेने लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी बऱ्याच देशांत आहेत, डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ड्युलोक्सेटीन घेणाऱ्यांनी जास्त जपावं कारण त्या गोळीचाही लिव्हरवर भार असतो. अंगाला खाज, लघवी गडद, डोळे पिवळे झाले तर चूर्ण थांबवून त्याच दिवशी दाखवा.

काकूंचं सारस्वतारिष्ट. त्यात ब्राह्मी असते, पण मी लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. आसव आणि अरिष्ट आंबवून करतात, त्यांच्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि बाटलीवर ते छापलेलं असतं, बहुधा ५ ते १० टक्के. चार चमच्यांत ते फार नाही, पण रात्रीच्या गुंगीच्या गोळीवर ते घेतलं आणि म्हातारं माणूस पहाटे बाथरूमला उठलं तर पडायला तेवढं पुरतं. आणि ज्यांना दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम दिलंय त्यांना तर कुठलंच आसव-अरिष्ट चालत नाही, द्राक्षासवसुद्धा नाही, रिअॅक्शन येते.

ज्येष्ठमधाची एखादी काडी घसा बसल्यावर चघळली तर कोणी काही म्हणणार नाही. काकू रोज दोन वेळा चमचाभर पूड घेत होत्या, महिनोन्‌महिने. रोज इतकं घेतलं की शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं. एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम ह्या गोळ्या हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर थोडा परिणाम करतात, पोटॅशियम कमी असेल तर तो धोका वाढतो, आणि व्हेनलाफॅक्सिनने तर बीपी आधीच वाढू शकतं. म्हणून त्यांना डॉक्टरांकडून पोटॅशियम, सोडियम आणि ईसीजी करायचं का ते विचारायला सांगितलं.

पोट साफ करायच्या चूर्णांचंही असंच. त्यात बहुतेक वेळा सोनामुखी असते, हिंदीत सनाय, रोज घेतली तर क्षार वाहून जातात. साठीच्या पुढच्या लोकांत एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी सोडियम आधीच खाली येऊ शकतं, वर हे चूर्ण आणि वर इंदूरचा मे महिना, म्हणजे माणूस एकाएकी गुंगीत, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जातोय, आणि घरचे म्हणतात वयानुसार विसरायला लागलेत. असं झालं तर आधी रक्तातलं सोडियम तपासा. पोटासाठी इसबगोल बरा, भरपूर पाण्याबरोबर आणि गोळीपासून दोन तास लांब.

कौंच बीजाच्या पावडरीत लेव्होडोपा हे पार्किन्सनला देतात तेच द्रव्य नैसर्गिकरीत्या असतं. ज्यांना बायपोलर आहे, म्हणजे कधी खूप उदासी तर कधी उन्माद असा आजार, त्यांच्यात ते उन्माद भडकवू शकतं, आणि ट्रॅनिलसायप्रोमिनसारख्या जुन्या, एमएओ इनहिबिटर प्रकारच्या डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्यांचं बीपी वाईट वाढू शकतं. पावरच्या कॅप्सूलांमध्ये तर कितीदा सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची, भेसळ सापडली आहे, डब्यावर मात्र शुद्ध हर्बल. भाऊलोकांना कळकळीने सांगते, इच्छा कमी झाली असेल तर ते डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते, हे त्यांना रोजचं आहे, तुम्हाला लाजायचं काही कारण नाही.

हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल, जिन्को. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी रक्तातल्या प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन कमी होतं आणि रक्त गोठायला जरा वेळ लागतो, त्यात अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी गोळी असेल आणि वर ह्या कॅप्सूल, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर उगीच निळे डाग, काळी शी ही खूण. कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा काळ्या मिरीचं पायपरिन घातलेलं असतं आणि ते इतर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. वरणातली हळद, फोडणीचा लसूण, आल्याचा चहा, तुळशीची चार पानं ह्याला कोणी घाबरू नका, स्वयंपाकातलं प्रमाण वेगळं आणि अर्काची कॅप्सूल वेगळी.

लिथियम, म्हणजे बायपोलरला देतात ती गोळी, चालू असेल तर पुनर्नवा, गोखरू किंवा लघवी साफ करणारं कुठलंही चूर्ण विचारल्याशिवाय बिलकुल नको, लिथियमची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते.

आणि भांग. महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून, रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, मित्रांनी आग्रह केला म्हणून, ठंडाईचा ग्लास हातात येतो. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन घेणाऱ्यांची भांगेने धडधड खूप वाढू शकते, ज्याला पॅनिक येतो त्याला त्या रात्री जास्त जोरात येतो, बायपोलरवाल्याची गाडी रुळावरून उतरू शकते. देवाच्या प्रसादाला नाही कसं म्हणायचं असं वाटत असेल तर साधी ठंडाई घ्या, बिना भांगेची मिळते, फक्त ती वेगळ्या भांड्यातली आहे ना ते स्वतः बघून घ्या.

बिननावाच्या पुडीचं काय करायचं

काकूंच्या पुडीचं मी काहीच सांगू शकले नाही, आणि कोणीच सांगू शकणार नाही. नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, म्हणजे आत काय आहे ते देणाऱ्यालाच माहीत, त्यालाही असेलच असं नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा झोपेची अॅलोपॅथी गोळी कुटून घातलेली निघते, आणि २००८ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन पाहणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, ती तर लेबल असलेली होती. पुडी बंद करा, पण फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा. महिनोन्‌महिने घेत असाल तर बंद करायच्या आधीच विचारा, कारण आत स्टेरॉइड किंवा झोपेचं औषध असेल तर एकदम थांबवल्यानेही त्रास होतो.

दोन्ही आधीपासूनच चालू असेल तर

घाबरून डिप्रेशनची गोळी बंद करू नका, ही सगळ्यात मोठी चूक होते. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सिन एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात शॉक बसल्यासारखं होतं, आणि आजार उलटायची भीती वेगळीच. काही लक्षणं नसतील तर नवीन काही सुरू करू नका, पिशवी उचला आणि डॉक्टरांना फोन करा. हायपेरिकम चालू असेल तर फोन आजच करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

पण सेरोटोनिन सिंड्रोमची ही लक्षणं ओळखायला शिका, घरातल्या एकाला तरी शिकवून ठेवा. नवीन काही घेतल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत, बहुतेक वेळा २४ तासांच्या आत, अस्वस्थपणा, एका जागी बसवत नाही, घाम, जुलाब, नाडी जलद, बाहुल्या मोठ्या झालेल्या, हात थरथरतायत आणि पाय आपोआप उडतायत, विशेषतः पायांचे झटके. पुढे ताप चढतो, अंग ताठ होतं, माणूस बरळायला लागतो. हे दिसलं तर पुढचा डोस कशाचाच नाही, ना गोळीचा ना चूर्णाचा, सरळ इमर्जन्सी, १०८ ला फोन किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल, आणि पिशवी सोबत. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नका, हा ताप स्नायू आखडल्याने येतो, क्रोसिनने उतरत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर पिशवी टेबलावर ठेवा आणि सरळ म्हणा, "डॉक्टर, ह्या गोळीशिवाय मी हे हे घेतो, एवढ्या दिवसांपासून, एवढं." रागावतील म्हणून लपवू नका, रागावले तर रागावले. विचारा की ह्यातलं काय चालेल, काय बंद करायचं, लगेच की हळूहळू, कुठली तपासणी करायची, आणि हेच पुढच्या वेळी वैद्यांनाही सांगा, चांगले वैद्य आधी विचारतातच. खाजगी डॉक्टरांची फी झेपत नसेल तर इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आणि रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, कधीही लागतो. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर चूर्ण-गोळीची चर्चा नंतर, आधी तो फोन.

कुठल्या औषधाने त्रास झालाच तर १८००-१८०-३०२४ वर नोंदवता येतं, हा देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे. ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दात काढायचा असला तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि डेंटिस्टला गोळी आणि जडीबुटी दोन्ही आठवडाभर आधी सांगा, त्या दिवशी टेबलावर झोपल्यावर नाही, कारण काही कॅप्सूल ऑपरेशनच्या बऱ्याच आधी थांबवाव्या लागतात.